घरच्या शाळेतील आफ्रिका

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी हॅरिस नेक नावाचे एक खेडे होते. शेती करून आणि खाडीत मासे-कालवे धरून पोट भरणारी कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे राहत. त्यांचे पूर्वज त्याच किनाऱ्यावरील मळ्यांत गुलाम होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी लोरेंझो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्या खेड्यात आले. या किनाऱ्यावरील लोकांची 'गुल्ला' नावाची बोली म्हणजे बिघडलेली इंग्रजी होय, असे त्या काळचे बहुतेक पंडित समजत. टर्नर यांस ते पटत नव्हते. त्यांच्या यंत्रापुढे अमेलिया डॉली नावाच्या बाईंनी पाच ओळींचे एक गाणे म्हटले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ते त्यांच्याकडे आले होते. त्यातील एकाही शब्दाचा अर्थ त्यांस ठाऊक नव्हता.

पुढे सिएरा लिओनहून आलेल्या एका विद्यार्थ्याने ती भाषा ओळखली. ती पश्चिम आफ्रिकेतील मेंडे भाषा होती. टर्नर यांचा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि गुल्ला बोलीत आफ्रिकी शब्दांचा केवढा साठा दडलेला आहे हे विद्वानांस कळून आले. तोवर हॅरिस नेक उठले होते. युद्धकाळात विमानतळ बांधावयाचा म्हणून १९४२ साली सरकारने गावाची जमीन घेतली व कुटुंबे पांगली. अमेलियाबाईंच्या कन्या मेरी मोरन यांनी गाणे मात्र सोडले नाही.

१९९० च्या सुमारास जोसेफ ओपाला, सिंथिया श्मिट आणि सिएरा लिओनचे भाषातज्ज्ञ ताझिएफ कोरोमा हे अभ्यासक या गाण्याचा माग काढीत मेंडे मुलखात हिंडले. सेनेहुन न्गोला नावाच्या गावी त्यांस बेंडू जबाती ही बाई भेटली. जुने ध्वनिमुद्रण ऐकताच तिने गाणे ओळखले, कारण ते तिच्याही घरचे होते. अंत्यविधीच्या वेळी स्त्रियांनी म्हणावयाचे ते गीत. तो विधी करण्याची प्रथा मागे पडली होती, परंतु बेंडूच्या आजीने नातीकडून गाणे पाठ करवून घेतले होते. हे गाणे जाणणारे जे कोणी असतील ते आपले आप्त समजावे, असे आजीचे सांगणे होते. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध पेटल्यामुळे भेट लांबली. अखेर १९९७ साली वयोवृद्ध मेरीबाई आपल्या कुटुंबासह त्या गावी जाऊन पोहोचल्या.

सुमारे दोनशे वर्षे हे गाणे कोणत्याही शाळेने शिकविले नाही. आईने मुलीस आणि आजीने नातीस म्हणून दाखविले, एवढेच. आज अमेरिकेतील जी कृष्णवर्णीय कुटुंबे आपल्या मुलांस घरीच शिकवितात, आणि त्या शिक्षणात आफ्रिकेच्या भाषा, इतिहास व चालीरीती यांस मानाचे स्थान देतात, त्यांपैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे गाणेही उरलेले नाही. त्यांस सारे नव्याने गोळा करावे लागते. तो खटाटोप कसा चालतो आणि त्यात अडचणी कोणत्या, हे आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल.

प्रथम, हरवले ते कसे? अटलांटिक पार करावयास भाग पाडलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदींवरून सुमारे १ कोटी २५ लाख ठरविली आहे. त्यांपैकी आज ज्यास संयुक्त संस्थाने म्हणतात त्या भागात थेट आणलेले लोक सुमारे ४ लाख. एकाच मळ्यावर निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे येऊन पडत. पती एका मुलखातला, पत्नी दुसऱ्या मुलखातली, आणि दोघांस समजणारी भाषा काय ती मालकाची. मालक जुनी नावे काढून नवी देई. मुले विकली जात, तेव्हा आईची भाषा तिच्यापाशीच राहून जाई. अशा स्थितीत दोन पिढ्यांत भाषा बुडाली यात आश्चर्य नाही. गुल्ला किनाऱ्यासारख्या एकाकी बेटांवर तिचे अवशेष राहिले, हेच आश्चर्य.

आणि नव्या भाषेतही अक्षर शिकण्याची बंदी होती. दक्षिण कॅरोलायनात १७४० साली असा कायदा झाला की गुलामास लिहावयास शिकविणाऱ्यास शंभर पौंड दंड व्हावा. जॉर्जियात १८२९ साली वाचावयास शिकविणेही गुन्हा ठरले. म्हणून ज्यास आज 'घरी शिकविणे' म्हणतात त्याची मुळे या लोकांत फार जुनी आहेत. सुझी किंग टेलर या बाईंनी आपल्या १९०२ सालच्या आठवणींत साव्हाना शहरातील गुप्त शाळेचे वर्णन केले आहे. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय विधवेच्या घरी पंचवीस-तीस मुले शिकत. पोलिसांनी वा गोऱ्या लोकांनी पाहू नये म्हणून पुस्तके कागदात गुंडाळून आणावी लागत, आणि मुलांनी एकेकटे फाटकातून शिरून स्वयंपाकघरात जावे असा नियम होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समज असा की मुले काही कसब शिकावयास जातात.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर पुढची फार जुनी नाही. गोऱ्या व काळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकावे असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. तो पाळावा लागू नये म्हणून व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने १९५९ साली आपल्या सर्व सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ साली उघडल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांस चर्चच्या तळघरांत आणि कोणाच्या तरी ओसरीवर जे मिळेल ते शिकावे लागले. ज्यांस शक्य होते त्यांनी मुले परगावी नातलगांकडे धाडली. ज्या समाजाची आजी अशी शिकली, त्या समाजातील आईने मुलास घरी शिकविण्याचा विचार केला तर त्यास केवळ लहर म्हणता येणार नाही.

आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांस घरी शिकविण्याची कायद्याने मुभा आहे, नियम मात्र राज्यागणिक वेगळे. २०२० साली महामारीत शाळा बंद झाल्या तेव्हा तेथील जनगणना खात्याने कुटुंबांची पाहणी केली. त्या वसंतात कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी शेकडा ३.३ मुलांस घरी शिकवीत होती, आणि शरदात हे प्रमाण शेकडा १६.१ वर गेले. साथ हे त्याचे तात्कालिक कारण खरे. परंतु टेंपल विद्यापीठातील अमा मझामा यांच्यासारख्या संशोधकांनी साथीच्या कितीतरी आधी आईबापांच्या मुलाखती घेतल्या होत्या. शाळेत आपल्या मुलांकडून, विशेषतः मुलग्यांकडून, फारशी अपेक्षाच केली जात नाही. त्यांस शिक्षा मात्र लवकर होते. आणि पुस्तकांत आपला इतिहास गुलामांच्या जहाजापासून सुरू होतो, ही कारणे त्यात पुनःपुन्हा येतात.

शेवटचे कारण कार्टर वुडसन यांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांचा जन्म १८७५ सालचा. आईबाप दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. वडिलांस वाचता येत नसे, म्हणून मुलगा त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवी. काही वर्षे कोळशाच्या खाणीत काम करून विसाव्या वर्षी ते माध्यमिक शाळेत गेले, आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९२६ साली त्यांनी फेब्रुवारीत 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. १९७६ पासून तो महिनाभर पाळला जातो. परंतु घरच्या शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचे एक लहान काम मला अधिक मोलाचे वाटते. १९२८ साली त्यांनी मुलांसाठी आफ्रिकेतील कथा व म्हणी यांचे पुस्तक काढले. सनावळीआधी मुलाच्या हाती गोष्ट द्यावी, हे या इतिहासकारास कळत होते.

आता भाषेचा प्रश्न. आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत. त्यांतील कोणती शिकवावी? पूर्वज कोणत्या मुलखातले हेच जर ठाऊक नाही, तर 'आपली' भाषा कोणती म्हणावी? पुष्कळ कुटुंबांनी स्वाहिली निवडली. १९६६ साली सुरू झालेल्या 'क्वान्झा' नावाच्या वर्षअखेरच्या सणानेही सर्व संज्ञा त्याच भाषेतून घेतल्या. त्यावर टीका अशी की या लोकांचे बहुतेक पूर्वज पश्चिम आफ्रिका, कोंगो व अंगोला येथून आले, तर स्वाहिली पूर्व किनाऱ्याची. टीका खरी आहे. पण स्वाहिली कोणा एका टोळीची राहिलेली नाही, ती अनेक देशांत चालते, पुस्तके मिळतात, शिक्षक मिळतो, आणि उच्चार सोपे. घरी शिकविणाऱ्या आईस याहून अधिक काय हवे?

मराठी वाचकाने तर या धड्याजवळ मुद्दाम बसावे. तेथे पुस्तकास 'किताबु' म्हणतात, हिशेबास 'हेसाबु', रंगास 'रांगी', गाडीस 'गारी', दुकानास 'दुका', पैशास 'पेसा', बर्फास 'बराफु' आणि कचुंबरास 'काचुंबारी'. काही शब्द अरबी व्यापाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवर उतरविले, काही आपल्या किनाऱ्यावरून गलबतांबरोबर तिकडे गेले. पोर्तुगीजांचा ठेवाही सामाईक आहे. टेबलास 'मेझा', पेरूस 'पेरा', धर्मगुरूस 'पाद्री' आणि मिस्सेस 'मिसा' म्हटले की गोव्यातील आजीबाईस दुभाषी लागणार नाही. मात्र 'गेरेझा' शब्द ऐकून ती दचकेल. 'इग्रेजा' या ज्या पोर्तुगीज शब्दापासून गोव्यात 'इगर्ज' आले, त्यापासूनच तो झाला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. परंतु स्वाहिलीत त्याचा अर्थ तुरुंग! पोर्तुगीजांनी मोंबासा येथे १५९३ साली जो जीझस किल्ला बांधावयास घेतला त्यात चर्च होते, आणि पुढे तोच किल्ला तुरुंग झाला. एका शब्दात एवढा इतिहास सापडतो. दहा वर्षांच्या मुलास तो सांगून पाहावा, सनावळी आपोआप मागून येते.

'किताबु'चे अनेकवचन 'विताबु' होते. स्वाहिलीत नामांचे वर्ग असून 'कि'ने आरंभ होणाऱ्या एका वर्गाचे अनेकवचन 'वि'ने होते. अरबीतून आलेल्या पाहुण्या शब्दासही त्या भाषेने घरच्या पंगतीत बसविले. मूल म्हणजे 'म्तोतो' आणि मुले म्हणजे 'वातोतो'. आपल्याकडे शब्दाचे शेपूट बदलते, तेथे डोके बदलते, हे एकदा मुलाच्या ध्यानी आले की व्याकरणाचे भय जाते. घड्याळ तर गमतीचे आहे. दिवस सूर्योदयापासून मोजावयाचा, म्हणून सकाळचे सात म्हणजे पहिला तास. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तिसऱ्या, सहाव्या व अकराव्या तासाला मजूर बोलावले जातात, ते याच हिशेबाने. लहानांनी मोठ्यांस भेटताच 'शिकामो' म्हणावयाचे असते. त्याचा मूळ अर्थ 'आपले पाय धरतो' असा सांगतात. आपल्याकडील वाकून नमस्कार तेथे शब्दात उतरला आहे. आणि 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' ही त्यांची म्हण म्हणजे आपली थेंबे थेंबे तळे साचे. तळ्याऐवजी तेथे धान्याचे माप भरते एवढेच.

ज्यांस पश्चिम आफ्रिकेशीच नाते जोडावयाचे आहे ते योरुबा किंवा घाना देशातील ट्वी या भाषांकडे वळतात. योरुबा शिकविणे पुस्तकावरून जवळजवळ अशक्य. 'ओको' हा एकच शब्द स्वर चढवून-उतरवून म्हटला तर पती, कुदळ, वाहन आणि भाला असे चार अर्थ देतो. आईने चुकीच्या सुरात शिकविले, तर मूल बापाऐवजी कुदळीस हाक मारील. ट्वी बोलणाऱ्या अकान लोकांत मुलास जन्मवारावरून नाव मिळते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारची मुलगी अमा. आपण बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव घेतो, ते वाराचे घेतात. अठराव्या शतकात मॅसाच्युसेट्समध्ये असाच एक कोफी होता. तो बालपणी आफ्रिकेतून आणलेला आणि पुढे गुलामगिरीतून मुक्त झालेला. त्याच्या मुलांनी मालकाचे आडनाव टाकून बापाचे नावच आडनाव म्हणून घेतले. त्यांपैकी पॉल कफी हा जहाजांचा नामांकित मालक झाला. गावकरी शाळा बांधण्यावर एकमत होईनात, तेव्हा त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या जमिनीवर स्वखर्चाने शाळा बांधली आणि ती गोऱ्या-काळ्या सर्व मुलांस खुली ठेवली. वाराचे एक नाव सांभाळून राहिले, त्याचा हा विस्तार.

या सर्व उद्योगात एक अडचण आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. जी भाषा आईस येत नाही, ती तिने मुलास शिकवावी कशी? आपल्या घरी मूल मातृभाषा शिकते ते कोणी शिकविल्यामुळे नव्हे. रागावताना, भरविताना, भांडताना ती कानी पडते. अमेरिकेतील ती आई दाराला, पेल्याला, खिडकीला चिठ्ठ्या लावते, मुलाबरोबरच धडा घोकते, मुद्रित उच्चार ऐकविते, आणि गावात एखादे केनियाचे किंवा नायजेरियाचे कुटुंब राहावयास आले तर ओळख काढून मुलांस तेथे नेते. तरीही मुलास रडू येते ते इंग्रजीतच. स्वाहिलीतील शंभर शब्द, मोजणी, नमस्कार, चार म्हणी, एवढ्यावर पुष्कळ घरांची धाव संपते. यास कोणी अपयश म्हणो. माझ्या मते त्या घरात एक वेगळीच गोष्ट घडते. मूल पाहते की आई चुकते, पुन्हा म्हणते, कोशात पाहते. ज्या वयात मुले आईबापांस सर्वज्ञ समजतात, त्या वयात त्यांच्याबरोबर विद्यार्थी होऊन बसणे सोपे नाही.

प्रत्यक्ष आफ्रिकेतही घराला शाळेशी झुंजावे लागले, हे येथे सांगितले पाहिजे. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी लिहून ठेवले आहे की त्यांच्या बालपणी रात्री शेकोटीभोवती गिकुयु भाषेत गोष्टी चालत, आणि शाळेच्या आवारात तीच भाषा बोलताना सापडले तर छड्या बसत किंवा आपण मूर्ख आहोत अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवावी लागे. पुढे ते इंग्रजीतील मोठे कादंबरीकार झाले, आणि १९७८ साली तुरुंगात असताना त्यांनी गिकुयुत कादंबरी लिहावयास घेतली. कागद मिळेना, म्हणून शौचालयातील कागदावर लिहिली. २०२५ साली ते निवर्तले. देश स्वतःचा असूनही भाषा परत मिळवावी लागते, मग समुद्रापलीकडे नेलेल्यांची काय कथा!

इतिहासाचा अभ्यास भाषेहून सोपा वाटतो. तो तसा नाही. येथे मोह फार. शाळेच्या पुस्तकाने मुलास सांगितले की तुझे पूर्वज गुलाम. घरी आई सांगते की ते राजे होते. दोन्ही अर्धवट. पूर्वजांत शेतकरी होते, लोहार होते, कोळी होते, आणि गुलामांचा व्यापार करणारेही होते. कोंगोच्या राजघराण्याचेच पाहा. न्झिंगा अ न्कुवु राजाने १४९१ साली बाप्तिस्मा घेतला. त्याचा पुत्र अफोन्सो याने शाळा काढल्या, आणि नातू हेन्रिक पोर्तुगालमध्ये शिकून १५१८ साली बिशप नेमला गेला. याच अफोन्सोने १५२६ साली पोर्तुगालच्या राजास पत्रे धाडून तक्रार केली की व्यापारी आपल्या प्रजेस, सरदारांच्या मुलांस, इतकेच काय आपल्या आप्तांसही पकडून नेत आहेत. ती पत्रे आजही वाचावयास मिळतात. परंतु युद्धात धरलेल्या परक्यांची विक्री त्याच्याही राज्यात चालत होती. मुलास अर्धीच गोष्ट सांगितली, तर मोठेपणी उरलेली अर्धी त्यास दुसरा कोणी सांगेल, आणि तो हितचिंतक असेलच असे नाही.

याच्या उलट काही ठिकाणी सत्य सांगणे हाच अभिमान ठरतो. दक्षिण आफ्रिका खंडातील 'महान झिंबाब्वे' हे दगडी नगर आफ्रिकी लोकांनी बांधलेच नाही, फिनिशियनांनी बांधले, अशी वसाहतवाल्यांची कथा होती. १९०५ साली रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खनन करून ते स्थानिक लोकांचेच काम असल्याचे दाखविले. तरी ती कथा मरावयास आणखी पन्नास वर्षे लागली.

इथिओपियाचा धडा तर आपल्या मुलांसही द्यावा असा आहे. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला. त्या सुमारास गिझ लिपीत स्वरचिन्हे आली. व्यंजनाच्या आकृतीस थोडी मुरड घालावयाची आणि स्वर बदलावयाचा. एका व्यंजनाची सात रूपे. म्हणजे बाराखडीच! तेथील चर्चच्या शाळेत मुले पिढ्यानपिढ्या ती मोठ्याने घोकीत आली, आणि अक्षरओळख झाल्यावर दाविदाची स्तोत्रे वाचीत. रोमन लिपीत वाढलेल्या अमेरिकन मुलास ही रचना समजावून सांगावी लागते. आपल्या पहिलीतील मुलास ती तक्ता पाहताच कळेल. लालिबेला येथील अकरा चर्च एकसंध खडकात खोदलेली आहेत. संत जॉर्जचे चर्च तर वरून खाली कोरीत नेले आहे. ज्यांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले असेल त्यांस याहून अधिक वर्णन नको.

याच इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून दख्खनेत आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तो मलिक अंबर. १६१० साली त्याने खडकी वसविली, तिचेच पुढे औरंगाबाद झाले. जमीनमहसुलाची त्याची घडी आणि नहरीचे त्याचे पाणी मराठी मुलुखास ठाऊक आहे. न्यू यॉर्कमधील शोम्बर्ग केंद्र हे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे मोठे ग्रंथालय आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या आर्तुरो शोम्बर्ग यांस बालपणी शिक्षकाने सांगितले होते म्हणे, की काळ्या लोकांना इतिहास नसतो. त्या केंद्रात २०१३ साली भारतातील आफ्रिकी लोकांविषयी प्रदर्शन भरले आणि मलिक अंबरची गोष्ट हार्लेममधील मुलांपर्यंत पोहोचली.

मलिक अंबरखेरीज इकडे आलेले इतर आफ्रिकी लोक कोठे आहेत, असे त्या मुलांनी विचारले असेल. त्याचे उत्तर बेळगावकर वाचकांच्या शेजारीच आहे. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील रानांलगत सिद्दी राहतात. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम. संधी साधून ते घाटावरच्या अरण्यात पळाले. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि कॅथोलिकही बरेच आहेत. ते घरी कोकणी बोलतात, तिच्यात कानडी-मराठीची सरमिसळ असते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सिद्दींस २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. आफ्रिकेची भाषा मात्र त्यांच्यापाशी उरलेली नाही. गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरचे सिद्दी आपल्या नाचास 'गोमा' म्हणतात. स्वाहिलीत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. बडोद्याच्या वाचकांनी तो पाहिलाही असेल. एवढा एक शब्द समुद्र ओलांडून टिकला.

हल्याळची सिद्दी आई मुलास आफ्रिकेचे काय सांगणार? शाळेतील कानडी पुस्तकात तिचे कूळ सहसा सापडत नाही, आणि मूल तर वर्गात केसांवरून चिडविले जाऊन घरी येते. त्यास घेऊन बसावे असा ग्रंथ तिच्यापाशी नाही. दमाम वाजवून नाचावयाचे तिला ठाऊक असते, आणि ठाऊक असते ती गोधडी. सिद्दी बायका तिला 'कवंदी' म्हणतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलेतिहासकाराने या कामाचा अभ्यास केला, आणि शोम्बर्ग केंद्रात २०११ साली या गोधड्या मांडल्या गेल्या. घरातल्या जीर्ण कपड्यांचे तुकडे घेऊन एका कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत शिवीत जावयाचे. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची लहान फुले बसवावी लागतात. ती नसली तर गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. हे कोठून आले, आफ्रिकेतून की येथल्याच वाकळीवरून, याचा निकाल विद्वानांनी लावावा. सिद्दी घरात ते आईच शिकविते, आणि मुलगी शेजारी बसून सुई ओवून देते.